शेरिफच्या खिडकीवर नेमकं काय मागायचं?

(कॅलिफोर्नियातल्या एका शेरिफ कार्यालयाच्या, म्हणजे काउंटीच्या (जिल्ह्याच्या) पोलिसांच्या, रेकॉर्ड्स विभागात नोकरी करून मी आता निवृत्त झालेय. पोलिसांच्या कागदपत्रांबद्दल बरीच पत्रं आली आहेत. त्यातली तीन या अंकात घेते.)

प्रश्न : आम्ही क्युपर्टिनोत राहतो. गणपतीत सगळे आरतीला गेलो असताना मागचं सरकतं दार फोडून चोरी झाली. सासूबाईंच्या पाटल्या, माझं मंगळसूत्र, लॅपटॉप गेला. आलेल्या अधिकाऱ्याने केस नंबर लिहिलेलं कार्ड दिलं. विमा कंपनी पोलीस रिपोर्ट मागते आहे. सिटी हॉलवाले म्हणाले, आमच्याकडे नसतो. मग यजमानांनी ‘फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन ॲक्ट’खाली अर्ज पाठवला, त्यालाही उत्तर नाही. आता कुठे जायचं?

उत्तर : सिटी हॉलवाले खरं तेच बोलले. क्युपर्टिनोला स्वतःचं पोलीस खातंच नाही. शहर सांता क्लारा काउंटीच्या शेरिफशी करार करून ती सेवा घेतं. सॅराटोगा आणि लॉस आल्टोस हिल्सचंही तसंच. उलट शेजारच्या सनीव्हेलला स्वतःचं खातं आहे आणि त्यात पोलीस आणि आगीचा बंब एकत्र! त्यामुळे घराच्या पत्त्यावरून खातं ठरवू नका, दारात आलेला माणूस कुठल्या खात्याचा होता ते बघा. कार्डावर छापलेलं असतं. ज्याने रिपोर्ट लिहिला त्याच्याच दप्तरी तो सापडणार. तुमच्या बाबतीत म्हणजे शेरिफचा रेकॉर्ड्स विभाग.

यजमानांच्या अर्जाचं म्हणाल, तर १९६६चा तो कायदा फक्त केंद्र सरकारच्या खात्यांना लागू आहे. काउंटीला त्याच्याशी देणंघेणं नाही. इथे चालतो तो ‘कॅलिफोर्निया पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट’. कायदा १९६८चा, पण १ जानेवारी २०२३पासून त्याची कलमं नव्या क्रमांकांनी लावली आहेत, त्यामुळे नेटवरचे जुने नमुने ६२५० क्रमांकाचं कलम दाखवतात. अर्जात कलम चुकलं म्हणून कुणी तो फेकून देऊ नये, पण कारकुनाच्या हातात निमित्त तरी कशाला द्या?

आपल्याकडच्या माहिती अधिकाराची सवय असलेल्यांना इथे दोन-तीन गोष्टी वेगळ्या वाटतील. दहा रुपयांचा स्टॅम्प नाही. नागरिक असण्याची अट नाही, व्हिसावर असाल तरी अर्ज चालतो. कशासाठी हवं तेही सांगावं लागत नाही. कार्यालयाने दहा दिवसांत कळवायचं असतं की कागद देता येतो की नाही, अडचण असेल तर आणखी चौदा दिवस घेता येतात. नीट वाचा, दहा दिवसांत *कळवायचं*. कागद हातात पडायला त्याहून वेळ लागू शकतो. आणि नाकारलं तर पहिलं अपील, दुसरं अपील असली पायरी नाही. थेट कोर्ट. मात्र तिथे जिंकलात तर वकिलाचा खर्च कार्यालयाच्या डोक्यावर बसतो, म्हणून ती मंडळीही जपून असतात.

आता खरी मेख. तपासाची फाइल सरकार रोखून धरू शकतं, तसा अपवाद कायद्यातच आहे. पण त्याच कायद्यात पीडित व्यक्तीसाठी वेगळं दार ठेवलंय. घरफोडी, चोरी, जाळपोळ, वाहनचोरी यांत ज्याचं नुकसान झालं त्याला घटनेची तारीख, वेळ, जागा, गेलेल्या मालाचं वर्णन, संबंधितांची आणि साक्षीदारांची नावं, त्यांचे जबाब एवढं द्यावंच लागतं. अपवाद दोनच. कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा तपास बिघडणार असेल तर तेवढा भाग ते झाकतात. विमा कंपनीलाही हीच माहिती थेट मागता येते, म्हणून आधी एजंटला विचारा की तुम्हीच मागवता का? पुष्कळदा मागवतात.

खिडकीवर लोक यायचे आणि म्हणायचे, “माझं सगळं रेकॉर्ड द्या.” सगळं म्हटलं की समोरचा चाचपडतो, कारण ‘रेकॉर्ड’ म्हणजे त्या माणसावरच्या गुन्ह्यांची यादीही होऊ शकते आणि ते प्रकरण निराळंच आहे. तुम्ही एवढंच लिहा : केस नंबर, तारीख, घराचा पत्ता, ‘मी या घरफोडीतली पीडित व्यक्ती आहे आणि विम्यासाठी रिपोर्टची प्रत हवी आहे’. कारण सांगायची सक्ती नसली तरी इथे सांगितलेलं फायद्याचं, त्यावरून कोणतं कलम लावायचं ते कारकुनाला कळतं. सोबत ओळखपत्राची प्रत.

पैशांबद्दल : साधारणपणे प्रतीचा प्रत्यक्ष खर्च तेवढा घेता येतो, कागद शोधण्याच्या वेळेचे पैसे नाहीत. २०२०मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हेवर्ड शहराला हेच सुनावलं. पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण देताना त्यातले काही भाग गाळायला लागलेल्या वेळेचे पैसे शहराने लावले होते, न्यायालयाने ते चालू दिले नाहीत.

आणि रिपोर्ट हातात आला की मालाची यादी आधी वाचा. चोरीच्या रात्री घाबरून सांगितलेल्या यादीत निम्मं राहून गेलेलं असतं. ‘दोन सोन्याच्या बांगड्या’ एवढंच लिहिलं असेल तर पाटल्यांचं वजन ग्रॅममध्ये, सराफाची पावती आणि लग्नातला एखादा जवळून काढलेला फोटो जोडून पुरवणी नोंद करायला सांगा. तोळ्यात लिहू नका, इथे कुणाला उमगत नाही, आणि दहा ग्रॅमचा तोळा की पावणेबाराचा यावरून उगाच घोळ. त्याच बैठकीत पॉलिसीही काढून बघा. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत दागिन्यांच्या चोरीला बरेचदा दीड हजार डॉलरची मर्यादा असते आणि सोन्याचं वेगळं कलम घेतलेलं नसेल तर रिपोर्ट कितीही सुंदर असला तरी त्यापुढे काही मिळत नाही.

प्रश्न : मी नाशिकला असतो. मुलाच्या गाडीला सॅन होजेजवळ हायवे २८०वर अपघात झाला. तो सुखरूप आहे, पण कामामुळे त्याला वेळ नाही. मी इथून शेरिफला ईमेल करून रिपोर्ट मागवू शकतो का?

उत्तर : नाही, आणि दोन कारणांनी नाही. कॅलिफोर्नियात फ्रीवेवरचे अपघात साधारणपणे राज्याची हायवे पेट्रोल बघते, शेरिफ नाही. शिवाय अपघाताचे रिपोर्ट गोपनीय असतात. चालक, गाडीचा मालक, जखमी झालेली माणसं, अशा संबंधितांनाच ते मिळतात. आईवडिलांना मिळतात ते मूल अज्ञान असेल तर. तुमचे चिरंजीव सज्ञान आहेत, तेव्हा त्यांनीच हायवे पेट्रोलचा १९० क्रमांकाचा फॉर्म भरून ज्या ऑफिसच्या हद्दीत अपघात झाला तिथे द्यावा. पानभराचं काम आहे. वेळ नाही म्हणणाऱ्या मुलाला रात्री फोन करून समोर बसवा, बापाचं तेवढं चालतं.

प्रश्न : नाव छापू नये. घरात मारहाण झाली म्हणून शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले होते. आता त्या दिवसाचा रिपोर्ट मला हवाय. मी एच-४वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) आहे, माझ्याकडे लायसन्स नाही. पैसे नवऱ्याच्या खात्यात असतात. कुणाला न कळता मिळेल का?

उत्तर : मिळेल. ताई, तुमच्यासाठी वेगळा कायदा आहे, फॅमिली कोडचं ६२२८ कलम. घरगुती हिंसाचारातल्या पीडित व्यक्तीला रिपोर्टची एक प्रत फुकट द्यावी लागते. वरचं माहितीचं पान ४८ तासांत, पूर्ण रिपोर्ट कामाच्या पाच दिवसांत. सबळ कारण असेल तर पानाला कामाचे पाच आणि रिपोर्टला दहा दिवस. ओळख पटवायला लायसन्सच हवं असं नाही, पासपोर्ट चालतो. म्हणून पासपोर्ट कुठे ठेवलाय ते आजच बघून ठेवा. खिडकीवर ‘पब्लिक रेकॉर्ड’ हा शब्दच काढू नका, नाहीतर तुमचा अर्ज दहा दिवसांच्या रांगेत जाऊन बसेल. ६२२८ एवढा आकडा सांगा. इंग्रजीत बोलायला अडचण वाटत असेल तर तो चिठ्ठीवर लिहून पुढे करा.

केस नंबर माहीत नसला तरी तारीख, अंदाजे वेळ आणि पत्ता यावरून कागद सापडतो. प्रत घरी पोस्टाने मागवू नका आणि दोघं मिळून वापरता त्या ईमेलवर तर मुळीच नको. स्वतः जाऊन हातात घ्या. अर्जात फोन नंबर लिहायचा झाला तर तो फक्त तुमच्याच हातात असलेल्या फोनचा असू दे किंवा भरवशाच्या मैत्रिणीचा, तिला आधी विचारून.