वाचकांचे प्रश्न : टच रग्बीच्या मैदानात नवखा संघ

प्रश्न : आम्ही धायरी परिसरातील काही जण गेले काही महिने सकाळी टच रग्बी खेळतो. संघात बँक कर्मचारी, एक रिक्षाचालक, एक शिक्षिका आणि बरेचसे जुने कबड्डीपटू आहेत. पुढील महिन्यात पुण्यातच होणाऱ्या एका स्पर्धेत आम्ही प्रथमच उतरत आहोत. आमच्या गटात रोज सराव करणारे महाविद्यालयीन संघ असून त्यांपैकी एकाशी झालेल्या सराव सामन्यात आम्हाला एकही गुण मिळाला नाही. ते फारच वेगाने पळतात. उरलेल्या तीन आठवड्यांत आम्ही धावण्याचा सराव वाढवावा का? बाहेरून दोन तयार खेळाडू घ्यावेत, असेही काहींचे म्हणणे आहे.
— एक वाचक, धायरी

उत्तर : तिशी-चाळिशीतल्या माणसाचा वेग तीन आठवड्यांत वाढत नाही, वाढते ती पोटरीची दुखापत. त्यामुळे धावण्याचा विचार सोडून द्यावा आणि चेंडू आपल्याकडे किती वेळ राहतो, याकडे लक्ष वळवावे, असे आम्ही सुचवू. या खेळात चेंडूवाल्याला पकडत नाहीत, नुसता हात लावतात; चढाई करणाऱ्या संघाला असे सहा स्पर्श मिळतात आणि सहाव्या स्पर्शानंतर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. नवखे संघ मात्र सहाव्या स्पर्शापर्यंत पोहोचतच नाहीत. कधी दुसऱ्याच स्पर्शानंतर चेंडू हातातून निसटतो, कधी पास पुढे जातो, तर कधी स्पर्श झाल्यावरही खेळाडू पास देऊन मोकळा होतो आणि प्रतिस्पर्ध्याला पेनल्टी मिळते. पुढील सराव सामन्यात एकाला वही घेऊन कडेला बसवावे आणि चेंडू कशामुळे गेला, एवढेच प्रत्येक वेळी लिहायला सांगावे. तुमचे बहुतेक गुण प्रतिस्पर्ध्याच्या वेगामुळे गेले की तुमच्याच हातांमुळे, हे त्या वहीतून कळेल. आमचा अंदाज दुसऱ्या कारणाकडे झुकतो.

सरावाचा निम्मा वेळ रोलबॉलला, म्हणजे स्पर्शानंतर चेंडू पुन्हा खेळात आणण्याच्या कृतीला, द्यावा. स्पर्श होताच खेळाडूने जिथे स्पर्श झाला त्याच जागी थांबावे, तोंड प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या रेषेकडे ठेवावे, वाकून चेंडू पायांमधून मागे सोडावा आणि मागे आलेल्या सहकाऱ्याने, म्हणजे ‘हाफ’ने, तो लगेच उचलावा. चेंडू एक मीटरहून अधिक मागे घरंगळू देऊ नये. स्पर्शाची जागा ओलांडून पुढे रोलबॉल केला, तर पेनल्टी बसते, आणि घाईत हीच चूक सर्वाधिक होते. हे सगळे झटपट जमू लागले, की मंद संघालाही मैदान मिळू लागते. कारण प्रत्येक रोलबॉलला बचाव करणाऱ्यांना ७ मीटर मागे जावे लागते आणि हाफने चेंडूला हात लावेपर्यंत त्यांना पुढे येता येत नाही. ते मागे पळत असतानाच चेंडू उचलला गेला, तर हाफला सरळ धावून काही मीटर सहज मिळतात. मैदानाची लांबी ७० मीटर आहे. असे चार-पाच रोलबॉल म्हणजे बरीच मजल झाली. हाफबाबत दोन गोष्टी मात्र सर्वांना पाठ असाव्यात : चेंडू हाती असताना त्याला स्पर्श झाला तर चेंडू जातो, आणि त्याने स्वतः टचडाउन केला, म्हणजे गुणासाठी चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेवर किंवा पलीकडे टेकवला, तर तो धरला जात नाही.

पाचव्या स्पर्शानंतर वाट मोकळी दिसत नसेल, तर लांब पास फेकून नशीब अजमावू नये. शक्य तितके पुढे, कोपऱ्याकडे जाऊन सहावा स्पर्श होऊ द्यावा. मग त्या वेगवान मुलांना संपूर्ण मैदान पार करावे लागेल.

बचावात तुमच्या कबड्डीपटूंची सवय आडवी येणार आहे. पकड करण्यासाठी पुढे झेपावणारा गडी इथे आपल्याच शेजाऱ्याजवळ खिंडार पाडतो, कारण स्पर्श हलक्या हाताचा असला तरी पुरतो. कपड्याला, केसांना किंवा हातातल्या चेंडूला झालेला स्पर्शही धरला जातो. सहाही जणांनी एका ओळीत पुढे यावे, एका ओळीत मागे जावे आणि कुणाला कोण घेत आहे, हे मोठ्याने सांगत राहावे. उडत्या पासवर हात मारण्याचा मोह टाळावा : चेंडू तुमच्या हाताला लागून खाली पडला, तर तो त्यांच्याकडेच राहतो आणि स्पर्शांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. दमलेल्या संघाला याहून मोठी शिक्षा नाही.

दमण्यावर उपाय नियमातच आहे. संघात १४ खेळाडू ठेवता येतात, सहा मैदानात असतात आणि बदलीला मर्यादा नाही. तरीही चांगला खेळाडू बाहेर यायला तयार नसतो, हा आपल्याकडचा जुना आजार आहे. दोन-तीन मिनिटांनी आलटून पालटून विश्रांती घेण्याचा क्रम आधीच ठरवावा आणि तो पाळून घेण्याचे काम न खेळणाऱ्या व्यक्तीकडे द्यावे.

उसन्या खेळाडूंविषयी आमचे मत प्रतिकूल आहे. दोन अनोळखी माणसे तुमच्या ओळीत आली, की कोण कुणाला घेणार हाच गोंधळ पुन्हा सुरू होईल, आणि महिनोन्महिने पहाटे उठून मैदानावर आलेले दोघे बाकावर बसतील. शिवाय नोंदणी नसलेला खेळाडू आढळल्यास आयोजक सामना काढून घेऊ शकतात.

शेवटी, आयोजकांकडून लेखी नियम आत्ताच मागवून घ्यावेत. वर दिलेले नियम आंतरराष्ट्रीय आहेत. पूर्ण सामना प्रत्येकी २० मिनिटांच्या दोन डावांचा असतो, परंतु स्थानिक स्पर्धांत मैदानाच्या टंचाईमुळे वेळ, मैदानाची मापे आणि मागे जाण्याचे अंतर कमी केले जाते. पुण्यात मैदान मिळणे हेच किती अवघड आहे, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : आमच्या मिश्र संघात मैदानात किती पुरुष चालतात? मंगळसूत्र आणि बांगड्या घालून खेळता येते का?
— एक वाचिका, कोथरूड

उत्तर : आंतरराष्ट्रीय नियमानुसार मिश्र संघात एका वेळी मैदानात जास्तीत जास्त तीन पुरुष असू शकतात आणि किमान एक असावा लागतो. इजा होऊ शकेल असा दागिना चालत नाही. पुरुषांच्या कड्यालाही हेच लागू आहे. जो निघतच नाही, त्याच्यावर चिकटपट्टी लावावी लागते. नखे कापलेली असावीत, आणि बुटांना स्क्रूने बसवलेले स्टड नसावेत. आपल्याकडच्या मुरमाड मैदानावर टचडाउनसाठी सूर मारू नये. गुडघे वाकवून चेंडू टेकवला, तरी गुण तितकाच, म्हणजे एकच मिळतो.