जुन्या लाकडी घरांकडून आजच्या भूकंप-वादळात टिकणाऱ्या बांधकामाने काय घ्यावं?

लाकडापेक्षा त्याचे सांधे घ्यावेत. मी गोव्यात फोंडा तालुक्यात जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो, त्यावरून सांगतो.

राजांगणाभोवतीचे, म्हणजे घराच्या मधल्या मोकळ्या चौकाभोवतीचे खांब नीट पाहा. खांब जमिनीत पुरलेला नसतो, दगडी तळखड्यावर उभा असतो, म्हणून ओल कमी चढते. वर त्याचं कुसू, म्हणजे तासून बारीक केलेलं टोक, तुळईच्या भोकात बसतं. हादरा बसला की असा सांधा थोडा हलतो, घासतो आणि बराच जोर तिथेच जिरतो. काश्मीरच्या धज्जी-देवारी घरांतही हेच. लाकडी चौकटीत दगड-माती भरलेली असते. 2005च्या भूकंपात त्या भिंतींना तडे गेले, पण पुष्कळ घरं उभी राहिली. 1993मध्ये किल्लारीलाही माणसं गेली ती जाड दगडी भिंती आणि माळवदाच्या, म्हणजे सपाट छपराच्या, मातीखाली. आतला लाकडी सांगाडा अनेक ठिकाणी उभाच होता.

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. खांबाचा पाय कुजला तर तुळईला टेकू द्यायचा, जॅकने केसभर उचलायचं, कुजका भाग कापून फणसाचा नवा तुकडा जोडायचा. घरातली माणसं तिथेच राहतात. भार खांबांवर असेल तर भावांच्या वाटणीनंतर मधली फळ्यांची भिंतही हलवता येते. किनाऱ्याजवळच्या काँक्रीटमध्ये खाऱ्या हवेने सळई गंजून फुगली की एवढी सोपी दुरुस्ती होत नाही.

आपल्याकडे मात्र उलटंच चाललंय. मातीच्या जुन्या भिंती तशाच ठेवून कौलं उतरवतात आणि वर स्लॅब ओततात. कृपा करून हे करू नका! 2002च्या भूकंप मानकात गोवा झोन 3मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे, आणि एकमेकींना न जखडलेल्या भिंतींवर एवढं ओझं म्हणजे किल्लारीचीच चूक.

जुन्या छपराचंही सगळंच बरोबर नव्हतं. ते बहुतांशी स्वतःच्या वजनावर टिकतं. वारा छपराच्या कडेखाली शिरला की ते उचलतो, हे 2021च्या तौक्ते वादळात दिसलं. म्हणून भिंतींच्या माथ्यावर सलग काँक्रीटचा पट्टा घाला, त्यात बोल्ट सोडून आडवं लाकूड आवळा आणि प्रत्येक वासा त्याला लोखंडी पट्टीने बांधा. पट्टी गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेली घ्या, साधी दोन-चार पावसाळ्यांत गंजते.