मुलगा चाळी बघत फिरतोय, प्रोजेक्ट कधी करणार?

सिन्नरहून एका वडिलांचं पत्र आलंय. ते स्वतः अंबडच्या एमआयडीसीत क्वालिटी सुपरवायझर आहेत. मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला, चौघांच्या ग्रुपचा प्रोजेक्ट ‘स्मार्ट कांदा चाळ’, म्हणजे शेतकरी कांदा साठवतात ती हवेशीर चाळ, सेन्सर लावून सुधारलेली. जुलैपासून तो सुट्टीच्या दिवशी निफाड-येवल्याकडच्या चाळी बघत फिरतो, वही भरतो. ड्रॉइंग अजून एकही नाही. कॉलेजचा प्रोजेक्ट रिव्ह्यू तोंडावर आलाय. वडिलांनी मॉडेल, ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा बांधीव अहवाल) आणि पीपीटीसकट १८ हजारांत तयार प्रोजेक्ट देणारा माणूस गाठलाय, पण मुलगा ऐकत नाही. त्याला समजवा, आणि पुढे गेट, प्लेसमेंट की एमबीए तेही सांगा, असं त्यांचं म्हणणं. सोबत मुलाच्या वहीच्या काही पानांचे फोटो आहेत.

नमस्कार,

शेवटचं आधी उरकते. गेट देऊ दे, कॅम्पसलाही बसू दे, एकाने दुसऱ्याचं अडत नाही. एमबीएचं दोन वर्षं नोकरी करून बघा.

आता पत्रातलं एक वाक्य: “सगळेच विकत घेतात, हाच एकटा हरिश्चंद्र लागून गेलाय.” ते वाचून मी थांबले. मुलगा म्हणतोय, मला अजून प्रश्नच नीट कळलेला नाही. आणि तुम्ही त्याला उत्तर विकत आणून देताय. तुमच्या मेहुण्यांच्या मुलाचं पॅकेज पत्रात दोनदा आलंय, कांदा एकदाच. घाई नेमकी कशाची आहे, हे त्यावरून कळतं. तुम्हाला समजवा म्हणून पत्र त्याने लिहायला हवं होतं.

डिझाइन म्हणजे सॉलिडवर्क्स उघडून ड्रॉइंग काढणं आणि त्याआधीचं सगळं ‘नुसतं फिरणं’, हा समज तुमचा एकट्याचा नाही, कितीतरी गाइड मंडळींचाही आहे. पण तुमच्याच लाइनवर रिजेक्शन वाढलं तर तुम्ही पहिल्या दिवशी नवीन डाय मागवता का? आधी कुठल्या शिफ्टला, कुठल्या मशिनवर, कुठला दोष, हे बघता. ‘चाळीत कांदा खराब होतो’ हेही असंच मोघम वाक्य आहे. एप्रिल-मेच्या उन्हात वजनात घट येते, जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सड लागते, पावसाळा सरता सरता कोंब फुटतात. तिन्हींची कारणं वेगळी, म्हणून उपायही वेगळे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली उभारलेलं विकिरण केंद्र आहे. विकिरणाने, म्हणजे कांद्यावर गॅमा किरण सोडून, कोंब थांबतात, सड थांबत नाही. म्हणजे अणुशास्त्रज्ञांनासुद्धा ‘नक्की कशाविरुद्ध?’ हे आधी ठरवावं लागलं. आणि सडीचं मूळ पुष्कळदा चाळीच्या बाहेरच असतं: युरिया जास्त पडला, काढणीआधी वेळेवर पाणी तोडलं नाही, पात नीट सुकायच्या आत मान कापली. असा कांदा चाळीत भरला तर कुठला सेन्सर त्याला वाचवणार?

तुम्ही पाठवलेलं वहीतलं दुसरं पान परत वाचा. मुलाने एका शेतकऱ्याला विचारलंय, सड लागल्याचं मोबाइलवर कळलं तर? उत्तर त्याने जसंच्या तसं उतरवलंय: “वास आम्हाला येतोच की. पण सडका कांदा खाली, वर पाच फूट माल. तो काढायला माणसं कुठून आणू?” अहो, तुमच्या मुलाचा अख्खा प्रोजेक्ट इथे फिरला! तो ‘कळवणारी’ चाळ करायला निघाला होता. या माणसाला हवी आहे मधूनच उघडता येणारी चाळ, बिघडलेला कप्पा तेवढाच रिकामा करता येईल अशी. सेन्सर वाया जाईल असं मी म्हणत नाही, शंभर टनांच्या साठ्यावर त्याचा हिशेब वेगळा असेल. पण हे वाक्य १८ हजारांच्या ब्लॅक बुकात सापडलं नसतं. शिवाय वेळ त्याने अचूक साधलीय. आत्ता चाळी फुटताहेत, साठवलेला कांदा बाहेर निघतोय. फेब्रुवारीत गेला असता तर रिकामे बांबू बघून परत आला असता.

मुलाचेही कान पिळते. पहिल्या पानावरचा फॉर्म फाडून टाक, बाबा. ‘स्मार्ट चाळ आली तर वापराल का?’ यावर झाडून सगळ्यांनी ‘हो’ म्हटलंय. दारात आलेल्या कॉलेजच्या पोराला चहा पाजून ‘नाही’ कोण म्हणेल? त्यांना गेल्या वर्षीचं विचार. चाळ कुठल्या महिन्यात फोडली, सड दिसली म्हणून की भाव आला म्हणून? किती गोण्या उकिरड्यावर गेल्या? निवडायला किती मजूर लागले, काय रोजाने? साठवणीला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता चांगली, हे पुस्तकात आहेच. चाळीच्या मधोमध प्रत्यक्षात किती भरते ते तू मोज. राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, तिथे एकदा जाऊन ये. नाहीतर त्यांनी केव्हाच करून ठेवलेलं तू नव्याने शोधत बसशील.

फिरण्यालाही शेवट हवा, इथे वडिलांचं बरोबर आहे. रिव्ह्यूला एक पान घेऊन जा: तिन्हींपैकी कुठलं नुकसान, ढिगाच्या कुठल्या भागात, कुठल्या महिन्यात, किती किलो, आणि शेतकरी आज त्यावर काय करतो. गाइडनी ड्रॉइंग मागितलं तर हे पान पुढे कर आणि ड्रॉइंगची तारीख सांग. दिवाळीनंतर मात्र वही बंद, कागदावर रेघ ओढायला सुरुवात.

आणि साहेब, त्या १८ हजारांतून त्याला एक तोलकाटा आणि तापमान-आर्द्रता मोजणारे दोन मीटर घेऊन द्या. उरलेले पेट्रोलला ठेवा. येत्या रविवारी कंपनीला सुट्टी असेल तर त्याच्या गाडीवर मागे बसून तुम्हीही जा. रिजेक्शनची प्रतवारी कशी लावायची हे त्याच्या गाइडपेक्षा तुम्हाला जास्त येतं.