कॉलेजमधला अमेरिकन फुटबॉलपटू एनएफएलमध्ये (तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये) टिकेल की नाही हे स्काउट कसं ओळखतात? कंबाईनच्या, म्हणजे संघांपुढे होणाऱ्या धावण्या-मोजमापाच्या चाचणीच्या, आकड्यांवर किती विसंबावं?

विसंबू नका. हे झालं उत्तर. पुढचं सगळं मी स्वतःच्या खाजेपोटी लिहितोय, वेळ असेल तर वाचा.

तुम्ही लिहिलंय की तुमचा मुलगा न्यू जर्सीत नववीला आहे, फेब्रुवारीअखेर इंडियानापोलिसहून कंबाईन दाखवायला लागले की वही घेऊन बसतो आणि 40 यार्ड 4.3 सेकंदांत धावणारा दिसला की "हाच उचलायला पाहिजे" म्हणून घर डोक्यावर घेतो. त्याला जॉन रॉस या रिसीव्हरबद्दल (पास झेलणारा) वाचायला सांगा. 2017 साली 4.22 सेकंद, तेव्हाचा विक्रम. बेंगल्स संघवाल्यांनी त्याला ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) नवव्या क्रमांकावर घेतलं आणि चार मोसमांत मिळून त्याने त्यांच्यासाठी हजार यार्डसुद्धा काढले नाहीत. उलट टोकाला पुढे महान ठरलेला क्वार्टरबॅक (पास फेकणारा) टॉम ब्रेडीची 5.28 सेकंदांची रखडलेली धाव आणि 199वा क्रमांक आहे, पण ते इतक्यांनी सांगून झालंय की मी उगाळत नाही.

मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. आकडे निदान छापलेले असतात, त्यांच्याशी भांडता येतं. स्काउटच्या वहीत आणखी एक रकाना असतो, "पोरगा कसा आहे" असा. तो भरला जातो इकडच्या तिकडच्या गप्पांवर. मला माहीत आहे, कारण एकदा तो रकाना मी भरलाय.

2006 ते 2008 मी मिडवेस्टातल्या एका मोठ्या विद्यापीठात स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस करत होतो. खेळाडूंसाठी वेगळं अभ्यासकेंद्र होतं, तिथे तासाला 11 डॉलरवर शिकवायचो. माझा एक विद्यार्थी संघातला लेफ्ट गार्ड होता, म्हणजे चेंडूवाल्याला वाचवणाऱ्या पुढच्या रांगेतला एक लाइनमन. नाव सांगत नाही, गार्डच म्हणतो. सहा फूट दोन इंच, वजन 138 किलो. टीव्हीवर गार्डचं नाव चूक केल्याशिवाय कधी ऐकू येत नाही, त्यामुळे तीन वर्षं खेळूनही त्याला कँपसवर फारसं कुणी ओळखत नव्हतं. सरावानंतर डाव्या गुडघ्याला प्लॅस्टिकने गुंडाळलेली बर्फाची पिशवी घेऊन तो थेट माझ्याकडे यायचा, नेहमी पाच मिनिटं आधी. तासाभरात बर्फ वितळायचा आणि थेंब थेंब करत माझ्या स्टँडर्ड डेव्हिएशनच्या सरावाच्या कागदांवर गळायचा. ते कागद मी घरी नेऊन खिडकीत वाळत घालायचो.

पोरगा हुशार. प्रश्न विचारायचा नाही, पण एकदा सांगितलेलं पक्कं. आणि मला जे थोडंफार फुटबॉल कळतं ते त्याच्यामुळे. एकदा गणितं लवकर संपली तेव्हा त्याने माझ्या लॅपटॉपवर शनिवारच्या सामन्याची फिल्म लावली आणि म्हणाला, "चेंडूकडे बघू नकोस." मग कुठे बघू? "हाताकडे." चेंडू सुटण्याआधी लाइनमन एक हात जमिनीला टेकवून बसतात. त्याने टेबलावर बोटं टेकवून दाखवलं. धावायची खेळी असेल तर वजन पुढे पडतं, पेरं दाबली जाऊन पांढरी होतात. पासची खेळी असेल तर मागे सरकायचं असतं म्हणून वजन टाचांवर, आणि बोटं नुसती टेकलेली. समोरचा बचावपटू ती पेरं वाचतो आणि चेंडू सुटायच्या आधीच त्याला खेळी कळते. चांगला लाइनमन दोन्ही वेळी सारखाच बसतो. "माझी बघ आता," म्हणाला. मी 20-25 खेळ्या पाहिल्या. एकदाही ओळखता आलं नाही.

तुमच्या प्रश्नाचं जे काही खरं उत्तर आहे ते यातच आहे. लाइनमन बघायचा तर तो गुडघ्यात वाकतो की कमरेत, ते बघा. कमरेत वाकणारा कॉलेजात खपून जातो, कारण समोर दर आठवड्याला एखादाच तगडा गडी असतो. एनएफएलमध्ये समोरचे सगळेच तगडे, तिथे तो पुढच्या पुढे तोंडावर आपटतो. पंजे समोरच्याच्या छातीवर आत पडतात की बाहेरून मिठी मारल्यासारखे? आपला माणूस पाडल्यावर उभा राहून मजा बघतो की दुसरा शोधतो? कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा) असेल तर वळताना कंबर अडखळते का, रिसीव्हर असेल तर अंगाला अंग लावून उभ्या असलेल्या माणसापासून सुटतो कसा. बाकीच्या जागांचं त्या त्या जाणकारांना विचारा.

तर 2007च्या ऑक्टोबरातली गोष्ट. संघांचे स्काउट हंगामभर कॉलेजं फिरत असतात. सकाळी फिल्म, दुपारी सराव, आणि मधल्या वेळात ट्रेनर, कपडे-हेल्मेट सांभाळणारे, वसतिगृहवाले, जो सापडेल त्याला गाठायचं. मला गाठलं पाण्याच्या कूलरपाशी. पन्नाशीचा माणूस, संघाचं जाकीट, हातात रिकामी बाटली आणि तिच्यात तंबाखूची पिंक. खरं तर खेळाडूंबद्दल बाहेरच्यांशी बोलायचं नाही असा आम्हाला दंडक होता. पण माणूस गोड बोलत होता आणि मी 24 वर्षांचा होतो. एनएफएलचा माणूस मला मत विचारतोय!

वेळेवर येतो का? येतो. सांगितलेलं कळतं का? एकदा सांगितलं की पुरे. मग म्हणाला, "उद्या फुटबॉल सुटलं तर काय करेल तो?"

मी म्हणालो, "उत्तम शिक्षक होईल. त्याला शाळेत गणित शिकवायचंय, मला बोललाय तसं."

छाती फुगवून सांगितलं. आमच्या घरात याहून मोठं प्रशस्तिपत्र नव्हतं. वडील बार्शीला शाळेत मास्तर. क्रिकेटवेड्या पोराबद्दल "पण अभ्यासातही चांगला आहे हो" म्हटलं की ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडायचा. स्काउट "हं" म्हणाला, वहीत दोन-तीन शब्द लिहिले, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि गेला.

केंद्रातल्या एका जुन्या बाईंना मी कौतुकाने हे सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, या लोकांना एकच ऐकायचं असतं, की याला फुटबॉलशिवाय दुसरं काही येत नाही आणि नकोही आहे. तू त्यांना दाखवून दिलंस की याच्याकडे घरी जायचं तिकीट तयार आहे.

पुढे मार्चमध्ये आमच्या विद्यापीठातच प्रो डे, म्हणजे स्काउटांपुढची कॉलेजातलीच चाचणी, झाला. गार्डला कंबाईनचं बोलावणं नव्हतं. मी आणि माझा रूममेट गॅलरीतून बघत होतो. शेजारी शेजारी उभ्या तीन माणसांनी हातातल्या घड्याळावर एकाच धावेच्या तीन वेगळ्या वेळा लिहिल्या, हे याच डोळ्यांनी पाहिलंय. हाताची लांबी मात्र एकच भरली: पावणेबत्तीस इंच. लाइनमनला ती आखूडच.

मग ड्राफ्ट. 26 आणि 27 एप्रिल 2008. त्या वर्षी लाइनमनची चंगळ होती; पहिलं नाव मिशिगनचा टॅकल (गार्डच्या बाहेरच्या बाजूचा लाइनमन) जेक लाँग, आणि पहिल्या फेरीत एकूण आठ टॅकल गेले. रविवारी आम्ही सकाळपासून टीव्हीपुढे. पोहे झाले, मॅगी झाली, सातवी फेरी संपली. 252 नावं वाचली गेली आणि त्यात गार्ड नव्हता. रात्री एका संघाचा फोन आला म्हणे, बिनड्राफ्टचा करार. ऑगस्टअखेर 53 जणांची यादी करताना त्याला घरी पाठवलं.

त्या रविवारी रात्री रूममेटशी सुरू झालेला वाद आजतागायत चालू आहे. हा सांगलीकडचा, मेकॅनिकलवाला, मोजपट्टीचा भक्त. त्याचं म्हणणं, पावणेबत्तीस इंच, विषय संपला. त्याचे आजोबा खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैल घ्यायचे. दात, खूर, शिंगांची ठेवण बघितली की उपरण्याखाली बोटं धरून सौदा. "औताला जुंपून कुणी बघत नाही लेका, दावणीलाच कळतंय!" मी म्हणायचो, मग टॅकल टोनी मँडरिचचं काय? 1989 साली पॅकर्स संघाने मापं बघूनच दुसऱ्या क्रमांकावर घेतला ना? त्याच्या आगेमागे गेलेले ट्रॉय एकमन, बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस, डियॉन सँडर्स, चौघेही हॉल ऑफ फेममध्ये, आणि पहिल्या पाचातला हा एकटाच बाहेर. वर स्टिरॉइड घेत होतो हे नंतर त्यानेच कबूल केलं. पुढे जेसन केल्सी सापडल्यावर तर मला आणखी जोर चढला: सेंटरच्या (रांगेतल्या मधल्या लाइनमनच्या) मानाने चिमणीएवढा, 2011 साली 191व्या क्रमांकावर, आणि सहा वेळा ऑल-प्रो (मोसमातल्या सर्वोत्तमांच्या यादीत).

सांगलीकराचं उत्तर ठरलेलं. "तू स्वतःला फार मोठा समजतोस. तासाला 11 डॉलरच्या मास्तरचं ऐकून कोण टीम बनवतंय?"

बनवतात. निदान शेवटच्या फेऱ्यांत, जिथे 10 नावं सारखीच दिसतात, तिथे असा एक शब्द पुरतो. मायरन रोलचं बघा. फ्लोरिडा स्टेटचा सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू), ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाली म्हणून एक वर्ष ऑक्सफर्डला गेला, तर 2010च्या ड्राफ्टमध्ये थेट सहाव्या फेरीत, 207वा. याचं मन खेळात आहे का, ही शंका. आज तो मेंदूचा सर्जन आहे. किंवा लोराँ डुव्हर्ने-टार्डिफ, मॅकगिलमध्ये डॉक्टरकी शिकत असलेला गार्ड. चीफ्सनी 2014 साली 200व्या क्रमांकावर घेतला, त्यांच्याकडून खेळता खेळता तो डॉक्टर झाला आणि 2020च्या फेब्रुवारीत सुपर बोल (मोसमाचा अंतिम सामना) जिंकला. "याला दुसरं काही येत नाही" हा गुण कुठल्या धंद्यात मानतात हो? आपल्याकडे बँकेत नोकरी करता करता कबड्डी खेळलेली माणसं काय कमी जोर लावत होती?

आता तुम्ही जॉन उर्शेल काढाल. तोही गार्ड, तोही गणितवाला. रेव्हन्सकडून तीन मोसम खेळला आणि 2017 साली, वयाच्या 26व्या वर्षी, एमआयटीतल्या पीएचडीसाठी खेळ सोडून गेला. म्हणजे त्या स्काउटची भीती अगदीच निराधार नव्हती. मान्य. पण पाचव्या फेरीत घेतलेल्या गड्याकडून तीन वर्षं मिळणं हा काही तोट्याचा सौदा नाही.

आणखी एक, माझं सगळं ज्ञान लाइनमनपुरतं धरा. क्वार्टरबॅकचं मला चुकूनही विचारू नका. 2018 साली जॉश ॲलनचे कॉलेजात शंभरातले 56 पासच पोहोचतात हे बघून "हा चालणं शक्य नाही" असं मी ऑफिसात छातीठोक सांगितलं होतं, स्टॅटिस्टिक्सच्या पदवीसकट. 2024च्या मोसमाचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) तोच. आणि संघवाल्यांनाही हसू नये. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी वर्षानुवर्षांचे ड्राफ्ट तपासले. एकाच जागेवर खेळणाऱ्यांत आधी घेतलेला लगेच नंतर घेतलेल्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता नाणेफेकीच्या जेमतेम वर भरते. मुलाला हे मात्र जरूर सांगा.

राहता राहिला गार्ड. तो खरंच शाळेत गणित शिकवतो, संध्याकाळी पोरांना लाइनचं प्रशिक्षण देतो. नाताळात आमचा फोन असतो. गेल्या नाताळात मी शेवटी धीर करून कूलरपाशी काय झालं ते त्याला सांगितलं. माफी वगैरे मागितली. तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. म्हणाला, "अरे, माझा गुडघा. दुसऱ्या वर्षी ऑपरेशन झालं तेव्हाच डॉक्टरांनी हाडावर हाड घासतंय म्हणून सांगितलं होतं. सगळ्या संघांकडे रिपोर्ट होता. मला ड्राफ्टच्या दोन महिने आधीपासून माहीत होतं."

दोन वर्षं तो बर्फ माझ्या कागदांवर गळत होता.

तेव्हा मुलाला सांगा, टीव्हीवर दिसत नाही ती डॉक्टरांची तपासणीच कंबाईनमध्ये सगळ्यात जड असते. संघ तिथे माणसं पाठवतात ती मुख्यतः त्यासाठी, धाव बघायला नव्हे. सांगलीकराला मी हे अजून कळवलेलं नाही. तो हल्ली पुण्यात असतो, इथली उत्तरं वाचतो की नाही माहीत नाही.