चाइल्ड प्लॅन राहू द्या, आधी राजीनामा थांबवा

बेसा, नागपूर इथल्या एका आईचं पत्र, थोडक्यात: "मुलगी ९ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी टाइप १ मधुमेह निघाला. शाळेत दुपारच्या इन्सुलिनची जबाबदारी कोणी घेत नाही, म्हणून मी मिहानमधली नोकरी सोडतेय. ओळखीच्या एजंटने तिच्यासाठी विमा कंपनीचा चाइल्ड प्लॅन सुचवलाय: वर्षाला १ लाख, २० वर्षं, शेवटी ४० लाख. घ्यावा का? मेडिक्लेमची काळजी नाही, ऑफिसचा आहे आणि दोन वर्षांपूर्वी घेतलेला फॅमिली फ्लोटर, म्हणजे अख्ख्या घराचा एकत्र मेडिक्लेमही आहे. (फ्लोटर घेताना तिची शुगर लिहू नका, असं त्यानेच सांगितलं होतं.)"

ताई, प्लॅन घेऊ नका. ४० लाख हा आकडा कागदावरच्या ८ टक्क्यांच्या रकान्यातला आहे. शेजारी ४ टक्क्यांचा रकाना आहे, तिथे २५ लाखांच्या आसपास दिसतात. दोन्ही नुसती गृहीतकं, हमी कशाचीच नाही. ८ टक्के खरे ठरले तरी कंपनीचे खर्च वजा जाऊन तुमच्या हाती सव्वासहा पडतात. तुमचा प्रश्न इथे संपला.

खरी गडबड कंसात आहे. तुम्ही फ्लोटरच्या फॉर्मचा फोटो पाठवलात. मधुमेहाच्या प्रश्नापुढे निळ्या पेनाने 'नाही'. अक्षर एजंटचं, खाली सही तुमच्या यजमानांची. क्लेमच्या वेळी कंपनी अक्षर कोणाचं ते विचारत नाही, सही बघते. उद्या तापात, उलट्यांत डोस चुकला, रक्तात कीटोन नावाची आम्लं वाढली आणि धंतोलीतल्या हॉस्पिटलात चार दिवस आयसीयूत काढावे लागले, तर दीड-दोन लाख कुठेच गेले नाहीत. केसपेपरवर पहिलीच ओळ असणार: टाइप १, तीन वर्षांपासून. फ्लोटरचा क्लेम तर जाईलच, अख्खी पॉलिसीही रद्द होऊ शकते, म्हणजे तुम्हा दोघांचंही फ्लोटरचं संरक्षण गेलं. "पाच वर्षं काढा, मग कोणी विचारत नाही" हे एजंटांचं आवडतं वाक्य अर्धंच खरं आहे. ६० महिन्यांनंतर कंपनीला आक्षेप घेता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर येतो. माहीत असून 'नाही' लिहिणं हे आणखी काय असतं?

म्हणजे आज मुलीच्या डोक्यावर खरं छत्र एकच: तुमच्या ऑफिसची ग्रुप पॉलिसी. त्यात आधीचा आजार पहिल्या दिवसापासून धरलाय. यजमानांचं इतवारीत स्वतःचं दुकान, तिकडून असं काही मिळायचं नाही. आणि तुम्ही नेमकी तीच सोडायला निघालात.

पैशाचं बघा. दुकानाचे ६२ हजार, तुमचे ३८, मिळून लाख. खर्च ७८: हप्ता २४, घर आणि शाळा ३६, मुलीचा मधुमेह १८. या अठरात अंगावर लावून शुगर मोजणाऱ्या दोन सेन्सरचेच दहा जातात, उरलेल्यात इन्सुलिन, पट्ट्या, सुया, तपासण्या. नेहमीचा मेडिक्लेम यातलं काही देत नाही, हे खिशातूनच जाणार, दर महिन्याला, कायम. तुमचा पगार गेला की महिन्याला १६ हजारांची तूट. वर प्लॅनचे आठ. २४ हजार कुठून आणणार होतात?

राजीनाम्याचं मूळ शाळेत आहे, तर आधी शाळेशी बोला. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना कळवलंय की डॉक्टरांनी सांगितलं असेल तर अशा मुलांना वर्गात शुगर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मधलं खाणं खाऊ द्यावं. डॉक्टरांचं पत्र जोडून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नऊ वर्षांची मुलगी इन्सुलिनचं पेन स्वतः टोचू शकते, डोस बघायला एक मोठं माणूस लागतं. उन्हाळ्यात इन्सुलिन थंड कसं ठेवायचं तेही अर्जात लिहा, नागपूरच्या उन्हात ते दप्तरात टिकत नाही. शाळा अडूनच बसली तर अर्धवेळ किंवा घरून काम मागा. तरीही सोडायचीच वेळ आली, तर राजीनाम्याआधी एचआरला विचारा: ग्रुपमधून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय नियमात आहे, पण मुलीला घ्यायचं की नाही ते कंपनी ठरवते. होकार लेखी हातात पडेपर्यंत राजीनामा नाही.

फ्लोटर कंपनीला स्वतःहून, क्लेम येण्याआधी, खरं कळवा. ते प्रीमियम वाढवतील, मधुमेहाच्या क्लेमसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतील, कदाचित मुलीला वगळतील, पॉलिसी रद्दही करू शकतात. म्हणूनच हे नोकरी असतानाच उरकायचं. एजंटमार्फत नको, थेट ईमेलने.

यजमानांचा १ कोटीचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे निव्वळ आयुर्विमा, घ्या, वर्षाला पंधरा-वीस हजारांत बसेल. फॉर्म स्वतः भरा. महिन्याला उरणाऱ्या २२ हजारांतून आधी मधुमेहाचा सहा महिन्यांचा खर्च, लाखभर रुपये, बँकेत वेगळा साठवा.

मुलीसाठी गुंतवायचंच असेल तर सुकन्या समृद्धी, ही मुलींसाठीची सरकारी बचत योजना. सध्या ८.२ टक्के, दर तिमाहीला सरकार ठरवतं. हाच दर राहिला तर वर्षाला १ लाख १५ वर्षं भरून, खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी ४८ लाखांच्या आसपास, करमुक्त. मुलगी अठरा वर्षांची झाली की शिक्षणासाठी निम्मे काढता येतात. पण खातं वयाची १० वर्षं पूर्ण होण्याआधीच उघडावं लागतं. २५० रुपयांतही उघडतं, तेव्हा या आठवड्यात पोस्टात जाऊन या.