सँडबॉक्ससाठी अर्ज करण्याआधी

सँडबॉक्स म्हणजे नवी वित्तीय सेवा नियामकाच्या देखरेखीखाली खऱ्या ग्राहकांवर आजमावून पाहण्याची सोय. तो म्हणजे नियमांतून सुटका, असं समजून अर्ज करू नकोस. ब्रिटनच्या वित्तीय नियामकानं २०१६ मध्ये तो सुरू केला, तेव्हापासून चौकट साधारण तीच: ग्राहक मोजके, मुदत ठरलेली, आणि काही बिघडलं तर ग्राहकाच्या भरपाईची तजवीज आधीच. अर्जात तंत्रज्ञानाचं कौतुक कमी कर. नेमका कोणता नियम आडवा येतो ते कलमासकट लिही. बहुतेक जण नेमकं तेच टाळतात. नियम आडवा येतच नसेल तर नुसतं मार्गदर्शन मागितलेलं बरं. सिंगापूरनं तर कमी जोखमीच्या ठरावीक सेवांसाठी २०१९ मध्ये २१ दिवसांत निर्णयाची वेगळी वाट काढली. आणि हो, चाचणीनंतर पूर्ण परवाना कसा मिळेल, नाही मिळाला तर सेवा कशी गुंडाळायची, हे नियामकाशी पहिल्याच भेटीत बोलून घे.