गिअरबॉक्स शेवटचं बोटभर आत जात नसेल तर बोल्टने ओढू नका

तुम्ही विचारलंय, जुन्या ट्रकचा गिअरबॉक्स नवी बेअरिंग आणि सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) घालून बांधला, इंजिनला चढवताना बराचसा आत गेला, पण बोटभर फट राहिली. आता बोल्ट आवळून ओढून घेऊ का?

नका ओढू. माझ्या पहिल्या ट्रकला मी हेच केलं होतं. फट मिटली, पण बेल हाऊसिंगचा (क्लचभोवतीच्या घंटेसारख्या कवचाचा) कान तडकला, आणि खाली उतरवून पाहिलं तर क्लच प्लेटचा हबही (मधला खाचांचा भाग) वाकलेला. जुन्या गाडीचं हाऊसिंग परत मिळवणं किती अवघड असतं हे तुम्हाला सांगायला नको.

आधी फट चारही बाजूंनी मोजा. वर-खाली कमीजास्त असेल तर कोन चुकलाय. गिअरबॉक्स काढल्यावर बऱ्याच गाड्यांत इंजिनची मागची बाजू खाली झुकते. चेंबरखाली (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली) लाकडी फळी ठेवून जॅकने ती हळूहळू उचला, इंजिन आणि गिअरबॉक्सची तोंडं समांतर येऊ द्या.

फट सगळीकडे सारखी असेल तर माझा पहिला संशय क्लच प्लेटवर. क्लच शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्समधून पुढे आलेला दांडा, प्लेटच्या हबमधून पुढे जातो आणि त्याचं टोक पायलट बेअरिंगमध्ये (इंजिनच्या बाजूला मध्यावर बसवलेल्या छोट्या बेअरिंगमध्ये) शिरतं. प्लेट जराशी जरी मध्यापासून सरकलेली असली तरी शाफ्टच्या खाचा हबमध्ये बसतात, पण टोक बेअरिंगच्या कडेवर आपटतं, आणि नेमकं शेवटचं बोटभर अंतर उरतं. प्रेशर प्लेटचे (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या झाकणाचे) बोल्ट सैल करा, प्लेट मध्यावर आणा, मग बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळा. दुरुस्तीत जुना क्लच शाफ्ट बदलला असेल तर तो टाकू नका. प्लेट मध्यावर धरायला त्याच्याइतकं अचूक हत्यार दुसरं नाही. त्याच वेळी नव्या शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगमध्ये हाताने शिरतंय ना, तेही गिअरबॉक्स बांधण्याआधी बघायला हवं होतं. ते राहिलं असेल तर बेअरिंगचं भोक आणि शाफ्टच्या टोकाचा व्यास मोजून घ्या. प्लेटची बाजू उलटी तर लागली नाही ना, हेही पाहा.

पुन्हा चढवताना दोन लांब बोल्टांची डोकी कापून ते इंजिनच्या आट्यांत फिरवा; गिअरबॉक्स त्यांच्यावरून सरळ सरकतो. वजन कायम जॅकवर, पट्ट्याने बांधलेलं. शाफ्ट हबमध्ये अडकवून गिअरबॉक्स क्षणभरही लटकत सोडायचा नाही, प्लेट तिथेच वाकते. खाचा जुळत नसतील तर टॉप गिअर टाकून गिअरबॉक्सच्या मागची चकती (फ्लँज) थोडी थोडी फिरवा. सगळं जुळलं की हाताच्या जोरावर दोन्ही तोंडं एकमेकांना टेकतात. बोल्ट लावायचे ते त्यानंतर.

आणि गिअरबॉक्स खाली आहेच, तर प्रत्येक गिअर टाकून शाफ्ट हाताने फिरवा. दोन गिअर एकदम पडत असतील तर झाकणातले इंटरलॉकचे छर्रे (दोन गिअर एकदम पडू न देणारे) राहिलेत किंवा चुकीच्या जागी बसलेत. तसं चढवून गाडी चालू केली तर दात उडतील.

ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचंच घाला. पितळी सिंक्रो रिंग असतील आणि पुस्तकात जीएल-४ (गिअर ऑइलचा एक दर्जा) लिहिलं असेल तर जास्त चांगलं म्हणून जीएल-५ ओतू नका. त्यातल्या काही ऑइलांची गंधकयुक्त रसायनं पितळ खातात.